हातासकट शून्य

१ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. पेटी पोचली. वर्कशॉपमधल्या दोघांनी मिळून ती टेबलावर चढवली आणि विचारलं, "यात काय तोफ आहे का?" मी म्हटलं, "माझ्या आत्याची अक्कल आहे. जड असणारच."

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि येत नाही हे तू कबूल करत नाहीस, म्हणून सगळं पत्रात लिहिते. बाबांना झटका येऊन चार महिने झाले. बोलणं नाही, मान हलवणं नाही. डोळे उघडे असतात. नजर समोरच्या भिंतीवर, तिथे दवाखान्याचं घड्याळ आहे. मी म्हणते बाबा घड्याळ बघतात. डॉक्टर म्हणतात, डोळे तिकडे आहेत एवढंच खरं, बघणं वेगळं.

वीस मार्चपर्यंत मुदत मिळाली आहे. तोवर बाबांनी हातानं एकदा जरी स्वतःहून जोर लावला, तर त्यांना व्यायामाच्या वॉर्डात ठेवतील. नाहीतर मागच्या वॉर्डात. मागच्या वॉर्डात नळीनं भरवतात आणि कुशीवर वळवतात, बाकी काही नाही. तुझ्या दांड्याचा आलेख पुरावा म्हणून बघायला डॉक्टर तयार झालेत. त्यांची यंत्रं मी दुरुस्त करते, तेवढी भीड पडली.

पण आत्या, पेटी उघडून पाहिली. दोन कॉइली, मधे लोखंडी गाभा, गाभ्याला जोडलेला दांडा. जोर मोजणारा सेन्सर कुठे आहे? पाठवायचा राहिला का?

तुझी,
खारू


४ फेब्रुवारी

खारू,

आशीर्वाद. तुझं अक्षर अजून मुंगीचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखंच आहे. सुधार.

काही राहिलेलं नाही. वेगळा सेन्सर नाहीच. जो ढकलतो त्यालाच विचारायचं, किती ढकललंस. गाभा कॉइलमध्ये जितका आत, तितका करंट आळसावत चढतो. त्या आळसावरून दांडा कुठे आहे ते कळतं. आणि दांडा तिथे धरून ठेवायला किती करंट खर्च होतोय, त्यावरून समोरून किती जोर येतोय ते कळतं. अंधारात दार लोटलं तर पलीकडे कुणी उभं आहे की नाही हे तळहाताला समजतं. त्याला निराळा डोळा लागत नाही. वीस वर्षं मी हे नोकरीतल्या साहेबांना समजावत होते. तुला एका पत्रात समजायला हरकत नाही.

वापर सोपा आहे. हातानं जरा रेटा दिला की दांडा त्याच दिशेला हाताबरोबर जातो. रेटा थांबला की मधोमध येऊन उभा राहतो.

एकच नियम, आणि तो मोडायचा नाही. आधी हात दांड्यावर बसवायचा, पट्टे आवळायचे, आणि मग शून्याचं बटण दाबायचं. बटण दाबलं की पुढचे दहा सेकंद जो जोर असेल त्याला यंत्र शून्य मानतं, आणि परत दाबेपर्यंत तेच लक्षात ठेवतं. दांडा तिरका आहे, हाताचं वजन त्यावर येतं. रिकाम्या दांड्यावर शून्य घेतलंस तर ते मेलेलं वजनच जोर म्हणून दिसेल आणि तू वॉर्डभर नाचत सुटशील. असे नाचणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. नंतर त्यांना बसवावं लागतं.

कॉइली तुझ्या बापानं गुंडाळलेल्या आहेत. प्रत्येकी तीन हजार दोनशे फेरे. तशा आता कुणी गुंडाळत नाही, तेव्हा जाळू नकोस.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

सहा तारखेपासून रोज दुपारी तीन तास दांडा लावते. तुझ्या नियमानं, आधी हात, मग शून्य. बाबांचा तळवा दांड्यावर ठेवायला आणि पट्टे आवळायला वीस मिनिटं जातात. बोटं उघडत नाहीत, अंगठा तर खिळा ठोकल्यासारखा.

आलेख सपाट आहे. मी बोलते, ओरडते, जुन्या गोष्टी सांगते, काल चक्क भांडले. रेघ हलत नाही.

पण एक गोष्ट होते आणि मला ती आवडत नाही. साधारण त्रेपन्न मिनिटांनी दांडा बोटभर बाबांकडे सरकतो. तिथे अर्धं मिनिट थांबतो, मग परत मधोमध जातो. पुन्हा त्रेपन्न मिनिटं सगळं दगड. तीन तासांत तीन वेळा, रोज, चुकत नाही. आलेखावर ओढ दिसते. बाबांच्या चेहऱ्यावर काही नसतं. मोठ्या सिस्टर पलीकडे औषधांचा ट्रे लावत असतात. परवा म्हणाल्या, "अगं, तुझ्या यंत्राची वेळ झाली बघ." मी घड्याळात पाहिलं, खरंच झाली होती.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "ढकललं असतं तर विचार केला असता. हे ढिलं पडणं आहे."

बाबा ओढतायत का गं कुणाला? का त्यांना कुणी?

खारू


२० फेब्रुवारी

खारू,

शेवटचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून आले. तू बापाच्या उशाशी बसून स्वतःला घाबरवते आहेस. बंद कर.

कॉइल तापते. तापली की तिचा रोध वाढतो, आणि करंटवरून जोर काढण्याचा हिशेब चुकतो. यंत्राला वाटतं कुणी ओढतंय. मग आतला पंखा चालू होतो, कॉइल निवते, ओढ जाते. पुन्हा तापते, पुन्हा पंखा. म्हणून ठरावीक वेळानं. हे माझ्या लक्षात यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. माणूस इतका नेमका नसतो. नेमकेपणा यंत्राचा असतो.

पंखा काढून बघायचा शहाणपणा करू नकोस, कॉइल जळेल. त्याऐवजी आलेख मला पाठव, मी तापण्याची चूक काढून टाकते आणि साफ करून परत देते. डॉक्टरांना साफ आलेखच दाखव. रेघेतल्या अशा खोट्या खोचा दाखवून खऱ्याची किंमत घालवू नये.

दादाला माझा निरोप सांगत जा. ऐकतो की नाही याची चौकशी नको, सांगत जा.

आत्या


२१ मार्च

आत्या,

तू साफ केलेले बेचाळीस दिवसांचे आलेख डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले, ते मला मान्य आहे. सगळे सपाट.

काल बाबांना मागच्या वॉर्डात नेलं. खोली स्वच्छ आहे. भिंतीवर काही नाही, घड्याळसुद्धा नाही. पट्टे सोडून हात दांड्यावरून काढताना मला वाटलं, हात परत दांड्याकडे जातोय. सिस्टर म्हणाल्या, ताठ स्नायूंचं तसंच असतं.

एक कागद दिला आहे. छातीत कफ झाला, ताप आला, तर औषधोपचार करायचा नाही, फक्त त्रास कमी ठेवायचा, असा. सही करू का? तू सांगशील तसं.

खारू


२५ मार्च

खारू,

कर.

दादा गेले सहा महिने तिथे नाही. तू आणि मी एका हाताशी बोलत होतो. तो असता तर त्यानं माझं एवढा वेळ गप्प बसून ऐकलं नसतं.

दांडा वर्कशॉपमध्ये ठेव, न्यायला कुणाला तरी पाठवीन. नीट जेव.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

सही केली.

आता हे वाच आणि मला वेडी म्हण. आज सकाळी दांडा पेटीत भरण्याआधी एकदा चालवून बघावा म्हणून टेबलाला बसवला. समोर रिकामी खुर्ची होती. हात बसवायचा नव्हता, म्हणून शून्याचं बटण दाबलं नाही. नुसता चालू केला.

दांडा सावकाश निघाला आणि खुर्चीकडे आला. एका दमात नाही, कुणाला उठवायचं नसावं तसा. शेवटच्या टोकाला येऊन थांबला. मी हातानं मधोमध नेऊन सोडला, तर परत आला. पडद्यावर ओढ, चार न्यूटन. म्हणजे चारशे ग्रॅमचं वजन दोरीनं टांगावं तेवढी. रेघ अगदी स्थिर.

वर्कशॉपमध्ये सगळे होते. भरदिवसा. एक जण म्हणाला, "खुर्ची काढ गं आधी तिथनं." कुणी हसलं नाही. मी खुर्ची काढली. तरी दांडा तिथेच येतो, जिथे बाबांची छाती असायची.

खारू


५ एप्रिल

खारू,

वेडी नाहीस, घाईची आहेस. भूतबित काही नाही. लोखंडात थोडं चुंबकत्व राहून जातं, त्याची ओढ दिसते. किंवा कॉइल तापलेली असेल. किंवा टेबल उतरतं असेल. एकेक तपास:

यंत्र रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना चालू कर. टेबल पातळीत घे. पेटी उलट दिशेला फिरवून बसव. मग दांड्याला खिळा घालून अडकव आणि तीन तास आलेख काढ, पंखा कधी चालू होतो त्याची वेळ लिहून ठेव. शून्याला हात लावू नकोस, आहे ती चूक पळून जाईल. आकडे पाठव, भावना नकोत.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

आकडे घे.

थंड असताना ओढ चार न्यूटन. तीन तास तापल्यावर चार न्यूटन, फरक केसाएवढा. टेबल पातळीत, चार. पेटी फिरवली, तर दांडाही तिच्याबरोबर फिरला, पेटीसमोर माणूस बसतो त्याच बाजूला. चार. पंखा तीन तासांत अकरा वेळा लागला. आणि आत्या, त्रेपन्न मिनिटांची ती खोच कुठेच नाही. एकदाही नाही. पंखा लागतो, बंद होतो, रेघ ढिम्म.

भावना नकोत म्हणालीस, तरी एक लिहिते. खिळा काढून मी स्वतः खुर्चीत बसले. बाबांचा तळवा जसा बसवायचे तसा माझा दांड्यावर ठेवला. दांडा माझ्याकडे यायला लागला, तसा मी तो रेटून धरला. नेमका चारशे ग्रॅम जोर लावला तेव्हा तो थांबला आणि पडद्यावर शून्य आलं. जरा कमी केला की परत माझ्याकडे. हलकासाच जोर, पण सतत लावावा लागतो. दहा मिनिटांत माझा अंगठा थरथरायला लागला. मला वाटलं, मी बाबांच्या जागी बसून त्यांचं राहिलेलं काम करतेय.

बाबांना कालपासून ताप आहे. कागदाप्रमाणे औषध दिलेलं नाही.

खारू


१२ एप्रिल

खारू,

शेजारणीकडून तुला फोन करवला, "सही मागे घे, औषध सुरू करायला लाव", तो निरोप मिळाला असेल. कारण इथे लिहिते. फोनवर शेजारणीला सांगण्यासारखं नाही.

दांडा शून्य दाखवायला तुला चारशे ग्रॅम रेटावं लागलं. त्यातलं थोडं हाताचं मेलेलं वजन. मग बाकीचं, आपण ज्या वेळी शून्य घेत होतो, त्या वेळी कोण रेटत होतं?

तू पट्टे आवळायचीस, तेव्हाच दादा जोर लावून बसलेला असायचा. मी सांगितलं होतं, मेलेलं वजन बाजूला काढ. तू बटण दाबायचीस, आणि यंत्र त्याचा जोर मेलेलं वजन म्हणून बाजूला काढायचं. तो जितका वेळ रेटत होता, तितका वेळ आपल्याला शून्य दिसत होतं. त्यानं सोडला की आपल्याला ओढ दिसायची. रिकाम्या दांड्याला कुणी ओढत नाही. तिथे दादाचा जोर नाही, एवढंच यंत्र सांगतंय. नियम माझा होता. चूक माझी आहे, तुझी नाही. हे दोनदा वाच.

आता त्रेपन्न मिनिटं. तू पहिल्यांदा लिहिलंस तेव्हाच मला हे कळायला हवं होतं.

मी कॉलेजात होते तेव्हा दादा कॉइली गुंडाळायचा. माझी फी त्यातून जायची. संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसून फेरे मोजायचे. सेकंदाला एक फेरा, तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत गुंडाळायच्या यंत्राची मूठ फिरवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यानं तारेवर ताण धरायचा. ताण कमी झाला की कॉइल सैल, जास्त झाला की तार तुटते, आणि मधेच सोडला तर सगळी कॉइल टाकून द्यायची. म्हणून घरात कुणी आलं, काही पडलं, कुणी रडलं, तरी दादा मान वळवायचा नाही. आमची आई म्हणायची, "याच्याशी बोलू नका, हा आत्ता इथे नाही." फेरे पुरे झाले की मी "बस" म्हणायचे, मग तो अंगठा उचलायचा. अर्धं मिनिट रीळ बदलायला. की दुसरी कॉइल.

तीन हजार दोनशे सेकंद म्हणजे त्रेपन्न मिनिटं आणि वीस सेकंद. माणूस इतका नेमका नसतो असं मी तुला लिहिलं. एक होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून वाढले.

दांडा घेऊन जा. या वेळी रिकाम्या दांड्यावर शून्य घे. मग त्याचा हात बसव. त्या खोलीत घड्याळ नाही म्हणालीस, तेव्हा तू मोज. सेकंदाला एक. मोठे आकडे सेकंदात मावत नाहीत, म्हणून आम्ही शंभरापर्यंत मोजून कागदावर रेघ मारायचो आणि परत एकपासून. बत्तीस रेघा. बत्तीस झाल्या की "बस" म्हण. डॉक्टरांना समोर उभं कर.

आत्या


१६ एप्रिल

आत्या,

सही मागे घेतली. औषधाचे तीन डोस गेले, ताप उतरतोय.

काल सकाळी दांडा नेला. रिकाम्यावर शून्य घेतलं. बाबांचा हात बसवला. रेघ लगेच वर गेली, हाताचं वजन धरून चारवर, आणि तिथे थांबली. डॉक्टर म्हणाले, "ताठरपणा. दोरी ताणलेली असते तसा स्नायू ताणलेला आहे. यात इच्छा कुठे दिसते?" मी म्हटलं, थांबा, मोजते.

मोजायला लागले. डॉक्टर चौथ्या रेघेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "अहो, तो शब्द आत्ताच म्हणून बघा ना, तासभर कशाला?" मला धीर धरवला नाही. मी "बस" म्हणाले. रेघ हलली नाही. मी परत म्हणाले, कानाशी जाऊन म्हणाले. काही नाही. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

मोठ्या सिस्टर थांबल्या होत्या; तुझं पत्र मी दोघांना आधीच वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "चार रेघांची कॉइल कोण घेईल विकत? मोज पुढे." मधे किती सेकंद गेले ते त्यांनी आपल्या घड्याळावर धरले होते. एक्याऐंशी. मी ब्याऐंशीपासून धरलं.

दहाव्या रेघेला घसा बसला. सिस्टर पाणी पाजत होत्या, मी घोटांच्या मधे आकडे म्हणत होते. विसाव्या रेघेनंतर मला कळेना की मी मोजतेय आणि बाबा ऐकतायत, की ते मोजतायत आणि मी ऐकून म्हणतेय. पुढचा आकडा मला आठवावा लागत नव्हता. खोलीत सगळीकडे तो आधीच होता. सिस्टरनी खिडकी लावून घेतली, म्हणाल्या, "थंडी वाजतेय." थंडी नव्हती.

बत्तिसावी रेघ. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर.

"बस" म्हणायला मी तोंड उघडलं होतं, आत्या. म्हटलं नव्हतं. त्याआधीच रेघ खाली आली. उरलं ते फक्त हाताचं वजन. खिळ्यासारखा तो अंगठा दांड्यावरून वर उचलला गेला होता. सिस्टरनी पाहिला आणि त्या धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या.

डॉक्टर दारात पोचले तेव्हा अर्धं मिनिट झालं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर अंगठा खाली आला, रेघ वर चढली आणि स्थिर झाली. ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "एक."

बाबांना उद्या व्यायामाच्या वॉर्डात हलवतायत. घड्याळासमोरची जागा मागितली आहे.

खारू


१९ एप्रिल

खारू,

मी सोमवारी पोचते. न्यायला येऊ नकोस, माझं मी येईन. मोजायला आता मी बसणार, तुझा घसा सांभाळ.

तुझे जुने आलेख काल पेटीतून काढले. साफ करायच्या आधीचे. रोज तीन खोचा, बेचाळीस दिवस. एकशे सव्वीस कॉइली, एकही अर्धवट सोडलेली नाही. सगळ्या मी माझ्या हातानं पुसून तुला परत पाठवल्या होत्या.

मागच्या वॉर्डात, घड्याळ नसताना, दांडा नसताना, त्यानं किती गुंडाळल्या ते कुठल्याच कागदावर नाही. ते मी त्यालाच विचारणार आहे. रेघ कशी पडते ते बघू.

मी येईपर्यंत शून्याच्या बटणाला हात लावू नकोस.

आत्या